कच्चं घर, पक्कं घर

२०१० सालच्या उन्हाळ्यात जनगणनेची घरयादी करायला एक गुरुजी आमच्या गावात फिरत होते. आमच्या सपरीत बसले, माठातलं पाणी प्याले आणि कागद पुढे घेतला. जमीन कशाची? मातीची. भिंत कशाची? मातीची. छत कशाचं? कवेलूचं. त्यांनी आकडे भरले आणि कागद उलटवता उलटवता सहज म्हणाले, "म्हणजे घर कच्चंच आहे तुमचं."

माय बाजूला तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली. "कच्चं कसं गुरुजी? मी या घरात नवरी होऊन आली, तवाच हे वीस वर्षांचं होतं."

गुरुजी हसले. म्हणाले, "काकू, मला भिंत लिहायची आहे, वय नाही."

त्यांची चूक नव्हती. कागदावर भिंत कशाची एवढंच विचारलं होतं. ती कोणी घातली, किती वर्षं टिकली, दरसाल तिला हात कोण लावतं, याला रकाना नव्हता. ते मी इथं लिहितो.

आमच्या घराच्या सागवानी चौकटीवर सुतारानं १३४५ असा आकडा कोरलेला होता. शाळेत जाऊन आकडे वाचता यायला लागले तेव्हा मी पोरांना सांगत सुटलो, आमचं घर सहाशे वर्षांचं आहे, शिवाजी महाराजांच्याही आधीचं! बाबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी समजावलं की तो फसली सन आहे. निजामाच्या राज्यात सरकारी कागदपत्रं फसली सनात चालत. त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं. म्हणजे आज्यानं घर बांधलं ते १९३५-३६ साली. माझी ऐट तिथंच उतरली.

तेव्हा वर्धा नदी ही दोन राज्यांची शीव होती. पलीकडे बल्लारपूर आणि चांदा, म्हणजे इंग्रजांचा मध्य प्रांत. अलीकडे आमचा राजुरा तालुका, निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. पलीकडचे लोक आम्हाला मोगलाईतले म्हणत. १९४८ च्या सप्टेंबरात निजामशाही संपली. १९५६ मध्ये राज्यांची नवी मांडणी झाली तेव्हा राजुरा नांदेड जिल्ह्याला जोडला गेला, आणि १९५९ मध्ये तिथून काढून चांदा जिल्ह्याला. माझा जन्म त्याच १९५९ चा. घर जागचं हाललं नाही, पण तीन जिल्हे फिरून आलं.

आता ते बांधलं कसं. आज्याच्या तोंडून मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की स्वतः पाहिल्यासारखं वाटतं.

आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. हा नुसता बोलण्यातला फरक नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. जुन्या वस्तीची पांढरी माती, जिच्यात पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण आणि पडक्या भिंती मिसळलेल्या असतात, ती भिंतीला लागते. आज्यानं ती गाड्यांनी आणली. त्यात कुटार आणि शेण टाकून पाणी सोडलं, आठ-दहा दिवस कुजू दिलं आणि मग माणसांनी ती पायानं तुडवली. त्या गाऱ्याचा हातभर उंचीचा थर द्यायचा, तो सुकला की वर दुसरा. भिंत दीड हात जाड. दिवाळीनंतर सुरू केलेलं काम मिरगाच्या आत छपराखाली यायलाच पाहिजे.

पण घराचा भार भिंतीवर नव्हता. तो सागवानी खांबांवर होता. खांब खाली मुरूम लागेपर्यंत पुरलेले. खांबांवर मयाली, सगळ्यात उंचावर आडा, आड्यावरून दोन्ही बाजूंना बल्ल्या, त्यावर बांबू, बांबूवर तुऱ्हाट्यांची बांधणी आणि वर कवेलू. भिंत नुसता आडोसा. एखाद्या झडीत भिंत बसली तरी छप्पर उभं राही आणि भिंत पुन्हा घालता येई. काळ्या जमिनीवर घर बांधायची ही अक्कल पुस्तकातून आलेली नव्हती.

सागवानासाठी निजामाच्या जंगल खात्याची परवानगी काढावी लागली. बांबू माणिकगडाच्या डोंगराकडचे कोलाम घेऊन आले. ताट्या बुरडानं विणल्या. कवेलू गावच्या कुंभारानं घडवले. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळता असा नळा ओढायचा आणि ओला असतानाच उभा चिरून त्याचे दोन कवेलू करायचा. छपरावर एक ओळ उताणी, तिच्यावर एक ओळ पालथी. उताण्यातून पाणी वाहून जातं आणि पालथी ओळ सांध झाकते. या सगळ्यांना आज्यानं बहुतेक दाण्यातच चुकतं केलं. रोख पैसा लागला तो कड्या, कोयंडे, खिळे आणि थोड्या चुन्याला.

मोठेपणी मी एकदा सेवाग्रामला गेलो. आज्याच्या चौकटीवरचं जे साल, त्याच साली, १९३६ मध्ये, गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. त्या गावाचंच पुढे सेवाग्राम झालं. तिथली बापूकुटी पाहिली. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू. भिंतीवर मीराबेननं मातीतच उठवलेली झाडं. पहिल्या कुटीचा खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये आणि सामान जवळपासचंच वापरावं, असं गांधीजींचं सांगणं होतं. पुढे केरळात नाव काढलेले लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुतज्ज्ञ गांधीजींकडून ऐकलेली एक गोष्ट आयुष्यभर सांगत राहिले, की घराला लागणारं सामान पाच मैलांच्या आतलं असावं. मी कुटीत उभा राहून मनाशी म्हटलं, आमच्या आज्यानं तर हेच केलं! मग लक्षात आलं की आज्याजवळ दुसरा इलाजच नव्हता. गांधीजींनी ते ठरवून केलं, आज्यानं गरजेनं केलं. फरक आहेच.

घराच्या आत चला. पुढे सपरी, मग माजघर, त्यामागे सैपाकघर, बाजूला ढोरांचा कोठा आणि पाठीमागे सांदवाडी. दरवाजा एवढा बुटका की पाहुणा वाकूनच आत यायचा. खिडकी म्हणावी अशी नाहीच, उंचावर दोन झरोके. उन्हाळ्याची झळ आणि चोर दोन्ही बाहेर राहावे म्हणून. त्यामुळे माजघरात भर दुपारीही अंधार. भिंतीत देवळ्या, त्यांच्यावर दिव्याच्या काजळीचे काळे पट्टे.

माजघर आणि सैपाकघर यांच्या मधात भिंतच नव्हती. तिथं मातीच्या पाच कोठ्या ओळीनं उभ्या होत्या, पुरुषभर उंचीच्या. आजीनं त्या हातानं चढवल्या होत्या, आज वीतभर, चार दिवसांनी आणखी वीतभर. वरून धान्य ओतायचं आणि झाकण लिंपून टाकायचं. खाली एक भोक, त्याला चिंधीचा बोळा. बोळा काढला की ज्वारी टोपल्यात धो धो पडे. आमची मधली भिंत अशी धान्याची होती. साल वाईट आलं की आजी जाता येता कोठीवर बोटाचं मागचं हाड वाजवून पाही. आवाज वरून पोकळ येत येत खाली सरकायचा. आम्हा पोरांनाही तो आवाज कळे, आणि त्या दिवशी कोणी दुसरी भाकर मागत नसे.

इथवर लिहिलेलं वाचायला गोड आहे. पण इथंच थांबलो तर लेख खोटा होईल.

हे घर ज्यांनी बांधलं ते सगळे या घरात येऊ शकत नव्हते. कोण कुठवर, हे घराच्या बांधणीतच ठरलेलं होतं. कुंभार, बुरूड सपरीच्या पायरीवर टेकत. कोलाम बांबू उतरवून आंगणातल्या निंबाखाली बसत. ज्यानं आमच्या भिंतींची माती पायानं तुडवली तो आज्याचा सालदार दलित वस्तीतला होता. तो जन्मभर सपरीची पायरी चढला नाही. सपरीच्या बाहेरच्या अंगाला भिंतीत एक देवळी होती. त्यात दिवा नव्हता. त्यात एक कान तुटलेला कप ठेवलेला असे. सालदार चहा प्यायचा, कप धुवायचा आणि परत देवळीत ठेवायचा. मी लहान असताना एकदा आजीला विचारलं, ही देवळी बाहेर काहून? ती म्हणाली, "भिंत घालतानाच ठेवली होती." म्हणजे ज्यानं माती तुडवली त्याच्याच समोर ती देवळी केली होती. हे आमच्या घराचं घडलेलं आहे. कोण्या दुसऱ्या गावाची गोष्ट नाही.

दुसरं, बायांचं. मातीचं घर बांधलं म्हणजे झालं नाही. ते दर आठ दिवसांनी मागतं. आंगण रोज, घरातली जमीन आठवड्याला सारवायची. पोळा, दिवाळी आली की भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा. पावसाळ्यात कोपरे ओलावले की पुन्हा लिंपण. आजीनं केलं, मग मायनं, मग माझ्या बायकोनं. चुलीचा धूर छपरातून निघायचा. धुरानं बांबूला कीड लागत नसे, छप्पर वर्षानुवर्षं टिके. पण तोच धूर आजीच्या डोळ्यांत जायचा. शेवटची काही वर्षं ती कोठी ओळखायची ती हातानं. आम्ही पुरुष सपरीत हवेशीर बसून म्हणायचो, मातीच्या घरासारखा गारवा नाही.

बदल एका दिवसात आला नाही. आधी इंग्रजी कवेलू आले. मंगळुरात बासेल मिशनच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात साच्यातून काढलेले ते चपटे कवेलू आमच्याकडे यायला बराच काळ लागला. आले ते गावातल्या एक-दोन मोठ्या घरांवर. मग टिना आल्या. त्याला मोठं कारण वानरं. जंगल कमी झालं तशी वानरं गावात घुसली आणि एका उडीत दहा-वीस कवेलू फोडायला लागली. पूर्वी दर उन्हाळ्यात कवेलू फेरायचे, फुटके काढायचे, नवे घालायचे. पुढे कुंभाराच्या पोरांनी चाक सोडलं, त्यांचंही पोट त्यावर भरेना. छपरावर हलक्या पायानं चालणारा कवेलू फेरणारा माणूस मिळेना. घर जुनं झालं म्हणून आम्ही हरलो नाही. ते सांभाळणारे हात एकेक करून कमी होत गेले.

सिमेंट आमच्या लहानपणी सोन्यासारखं होतं. सरकारी नियंत्रण, परमिटावर पोती. सिमेंटच्याच वाटपावरून १९८२ च्या जानेवारीत मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांना खुर्ची सोडावी लागली, हे जुन्या लोकांना आठवत असेल. त्याच सुमाराला आमच्या भागातला चुनखडीचा दगड कामाला आला. आवारपूर, गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. १९८९ मध्ये नियंत्रण पूर्ण उठलं आणि सिमेंट गावच्या दुकानात पोत्यानं मिळू लागलं. पाच मैलांचाच हिशेब धरला तर गंमत अशी, की आता सिमेंटही आमच्या जवळचंच आहे, आणि चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या राखेच्या विटाही.

आतलं घरही बदललं. ज्वारी कमी झाली, कापूस होताच, मग सोयाबीन आलं. सोयाबीन कोणी घरात साठवत नाही, निघालं की बाजारात. कोठ्या रिकाम्या राहिल्या. १९८७ मध्ये रामायण सुरू झालं त्या साली आम्ही टीव्ही आणला. तो ठेवायला जागा हवी म्हणून पहिली कोठी फोडली. मग कपाटासाठी दुसरी, मग दिवाणासाठी दोन. शेवटची एक माय हट्टानं मागच्या खोलीत नेऊ म्हणाली, पण मातीची कोठी हलवता येते का? मग तिथं नवीच बांधली, तिच्या हातची. पाण्याच्या रांजणाजागी प्लास्टिकची टाकी आली आणि शिंक्याच्या दोरीला आम्ही कॅलेंडर टांगलं.

आमच्या त्या सालदाराच्या घराचं पण सांगितलं पाहिजे. त्याचं घर मातीचंही नव्हतं, पऱ्हाटीच्या कुडाचं होतं, वर गवत. दर पावसात गळायचं. १९८५ नंतर इंदिरा आवास आलं, आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवासची घरकुलं. २०११ च्या सरकारी पाहणीत ज्यांना घरच नाही, किंवा एक-दोन कच्च्या खोल्या आहेत, ते यादीत बसले. कमीत कमी २५ चौरस मीटर जागा, सपाट भागात एक लाख वीस हजार रुपये मदत, घर बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर. सालदाराच्या नातसुनेचं नाव असं कागदावर चढलं. आमच्या ऐंशी वर्षांच्या घराच्या कागदावर एकाही बाईचं नाव कधी चढलं नव्हतं. म्हणून कोणी पक्क्या घराला नावं ठेवली की मी गप्प बसतो. मातीच्या घराचा गारवा त्या नातसुनेला जाऊन सांगायची माझी हिंमत नाही.

२०१९ मध्ये आमच्या मुलानं विषय काढला, घर पाडून स्लॅबचं बांधू. मला वाटलं माय अडवेल. तिच्याच नावानं मी दोन वर्षं टाळत होतो. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "पाड. मी सारवून सारवून थकली. तुला काय, तू सपरीत बसते."

कामावर जो मिस्त्री आला तो त्याच सालदाराचा नातू. हाताखाली सहा माणसं, स्वतःची मिक्सर मशीन. पहिल्या दिवशी सब्बलीनं माजघराची भिंत फोडायला घेतली तर ती हलेना. सब्बल मारली की नुसता धूळ आणि कुटाराचा वास. शेवटी जेसीबी बोलवावा लागला. भिंत आडवी झाली तेव्हा मातीत कुटार जसंच्या तसं पिवळं होतं. मिस्त्री खाली बसला, एक ढेकूळ हातात घेऊन फोडून पाहिलं. म्हणाला, "आमच्या आज्यानं तुडवली व्हय ही माती. तो सांगे. अंदर काय हाये ते मात्र त्याला माहीत नव्हतं. मी आज पायतो."

मी काय बोलणार? बायकोला चहा ठेवायला सांगितलं. माजघराची जमीन अजून शाबूत होती, भिंती तेवढ्या गेल्या होत्या. तिथं सतरंजी टाकली आणि आम्ही दोघं बसून चहा प्यालो. वर उघडं आभाळ होतं. सपरीची बाहेरची भिंत त्यानं दुसऱ्या दिवशी पाडली. ती देवळी पडताना मी मुद्दाम तिथं उभा होतो. ती सगळ्यात आधी पडायला पाहिजे होती, आणि ऐंशी वर्षं आधी.

आता घर पक्कं आहे. खाली टाइल्स, वर स्लॅब, भिंतींना रंग, घरातच संडास आणि न्हाणी. रात्री सापा-विंचवाची भीती नाही. माय लादी पुसते ती उभ्यानं, लांब दांड्याच्या पोतेऱ्यानं, आणि याचं तिला फार सुख आहे. काळ्या मातीनं आपला गुण दाखवला, दुसऱ्याच उन्हाळ्यात एका कोपऱ्याला उभी भेग पडली. चंद्रपूरचा मे महिना म्हणजे पारा ४७-४८ अंशांवर. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती ऊब खाली सोडत बसतो. कूलर आहे, पण लाइन गेली की कूलर म्हणजे नुसता डबा.

मागची एक खोली आम्ही पाडली नाही. मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, कोपऱ्यात मायच्या हातची कोठी. खरं तर पैसे संपले म्हणून ती राहिली. उन्हाळ्यात सकाळी अकरा वाजले की माय आपली बाज तिकडे टाकायला लावते. मग नातवंडंही जातात, मीही जातो.

पण खोली ठेवायची तर सारवणार कोण? माय ऐंशी पार. बायकोनं स्वच्छ सांगितलं, "तुमाले मातीचं घर आवडते ना? मंग तुमीच सारवा." मुलगा-सून हसायला लागले. मी उठलो आणि कोठ्यातून शेण आणलं.

पहिल्या दिवशी माझ्या बोटांचे फराटे जमिनीवर उमटले, जसं कोणी वखर मारावं. माय बाजेवर बसून सांगत होती. शेण पातळ कर. हात दाबू नको, पाण्यावर फिरव. एका रेघेत मागं ये, नाहीतर स्वतःच कोपऱ्यात अडकशील. दोन तासांत मी अर्धी खोली सारवली आणि गुडघे धरून बसलो. हिशेब केला, मायनं चाळीस वर्षं तरी दर आठवड्याला हे केलं, म्हणजे दोन हजारांवर वेळा, आणि याच्या चौपट जागेला. साठी उलटल्यावर मला हे कळलं.

आता मी दर आठ दिवसांनी सारवतो. हात थोडा बसला आहे.

पुढच्या जनगणनेचे गुरुजी येतील तेव्हा आमचं घर पक्कं लिहितील. मागच्या खोलीचं काय लिहायचं ते त्यांनी ठरवावं. रकाना नसला तरी मी सांगणार आहे की ती मी सारवतो. माय बाजूला बसलेली असेल तर तीही बोलेल. म्हणेल, "सारवते, पण कड सोडते."